अपेक्षा फळीनं ओलांडल्या नाहीत

मिशिगन विद्यापीठाच्या २०२१ च्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की इथले चाहते एक वाक्य हमखास बोलतात: ‘त्या वर्षी आपल्या ऑफेन्सिव्ह लाइननं अपेक्षेपेक्षा फारच चांगली कामगिरी केली.’ वाक्य कौतुकाचं आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरी ते मला मान्य नाही. ऑफिसात, शेजारी, गणपतीच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा मी ते इतक्या वेळा ऐकलंय, की एकदा नीट बसून उत्तर द्यावंसं वाटतं. त्या पाच जणांनी कुणाच्या अपेक्षा ओलांडल्या नाहीत. ज्या मापानं अपेक्षा बांधल्या ते मापच लाइनचं नव्हतं. माप चुकलं हे कबूल करण्याऐवजी आपण ‘अपेक्षेपेक्षा’ हा शब्द वापरतो आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मेहनतीला योगायोगाच्या खात्यात टाकतो.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी ही लाइन म्हणजे काय ते सांगतो. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल, अशी पाच जणांची फळी. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणापासून या पाचांचं काम एकच, समोरच्याला अडवायचं. धावणाऱ्याला वाट करून द्यायची किंवा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तीन-साडेतीन सेकंद मिळवून द्यायचे. नियमाप्रमाणे त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. आकडेवारीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे रकानाच नसतो. एक लाख माणसांच्या स्टेडियममध्ये त्यांचा नंबर बहुतेक वेळा लाउडस्पीकरवरून ऐकू येतो तो होल्डिंगचा दंड झाल्यावर, दहा यार्ड मागे. कबड्डीतल्या साखळीतला मधला गडी ज्यानं जवळून पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. पकड दुसऱ्याच्या नावावर लागते, पण यानं हात सोडला असता तर पकड झालीच नसती.

मीसुद्धा कित्येक वर्षं चेंडूच बघत होतो. डोळे उघडले ते एका मित्राच्या मुलामुळे. तो शाळेच्या संघात गार्ड खेळायचा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घोंगड्या गुंडाळून लोखंडी बाकांवर बसायचो आणि सामना संपला तरी त्यानं नेमकं काय केलं हे मला सांगता यायचं नाही. एकदा गाडीत बसताना तो म्हणाला, ‘काका, बॉल बघू नका. माझी कंबर बघा.’ दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झालेले, एका बोटाचं नख उचकटलेलं. पुढच्या शुक्रवारी मी त्याची कंबरच बघितली. सेंटर आणि तो, दोघं मिळून समोरच्या एका दांडग्या पोराला ढकलत होते, खुब्याला खुबा लावून, मधून हवा जायला नको असे. पण दोघांची नजर त्या पोरावर नव्हती. त्याच्या मागे चार-पाच यार्डांवर उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर होती. तो ज्या बाजूला झुकेल त्या बाजूच्यानं पुढे सुटायचं आणि राहिलेल्यानं सगळं वजन एकट्यानं पेलायचं. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं. बोलायला वेळ नसतो. पाव सेकंदात दोघांना एकच गोष्ट सुचावी लागते, आणि ती सुचण्यासाठी शेजारच्या माणसाबरोबर हीच पावलं शेकडो वेळा टाकलेली असावी लागतात.

हे एकदा दिसलं की लाइनचं माप काय असायला हवं ते कळतं. पाच माणसं किती ताकदीची आहेत, शाळेतून येताना त्यांच्या नावापुढे किती तारे होते, या गोष्टी बिनमहत्त्वाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण पहिला प्रश्न वेगळा आहे: हे पाच एकमेकांशेजारी किती दिवस उभे राहिलेत?

आता २०२० कडे वळू, कारण २०२१ बद्दलची सगळी निराशा तिथून आली. त्या वर्षी मिशिगननं सहा सामन्यांपैकी दोन जिंकले, चार हरले. विस्कॉन्सिननं घरच्या मैदानावर ४९-११ असा धुव्वा उडवला. १९८७ नंतर प्रथमच इंडियानाकडून हार झाली. मुख्य कोच जिम हार्बो यांना कमी पगाराचा नवा करार घ्यावा लागला. २०२१ चा हंगाम सुरू होताना एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या पहिल्या पंचवीस संघांत मिशिगनचं नाव नव्हतं. लाइनबद्दल तर सगळ्यांचं एकमत होतं, हिच्यात दम नाही.

पण त्या लाइनवर २०२० मध्ये काय काय गुदरलं होतं ते बघा. २०१९ च्या पाच जणांपैकी चार जण एकदम गेले. सीझर रुइझ, बेन ब्रेडसन, मायकल ऑन्वेनू आणि जॉन रनियन (धाकटा) हे चौघंही २०२० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, घेतले गेले, रुइझ तर पहिल्या फेरीत. चार नव्या माणसांना एकमेकांच्या सवयी लागाव्यात म्हणून वसंतातला सराव असतो. तो कोविडमुळे रद्द झाला. ऑगस्टमध्ये बिग टेननं, म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्या गटानं, हंगामच पुढे ढकलला, सप्टेंबरात निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी मुलं मैदानात उतरली. पहिल्या दोन सामन्यांनंतर डावा टॅकल रायन हेज आणि उजवा टॅकल जेलन मेफील्ड दोघंही जायबंदी झाले. दोन्ही टोकं तुटलेली, मधली माणसं नवी, सराव अर्धवट. चेंडू फेकणारा किंवा झेलणारा उन्हाळाभर अंगणात एकटा, फार तर एका भावाला बरोबर घेऊन, थोडाफार सराव करू शकतो. लाइनला ते जमत नाही. तिला पाच जण लागतात, समोर आणखी चार-पाच लागतात. कोविडनं अख्ख्या संघाला छळलं, पण सगळ्यात जास्त या फळीला. शिवाय त्या वर्षी प्रेक्षकांना स्टेडियममध्ये प्रवेश नव्हता. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. त्या सहा सामन्यांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणं म्हणजे आजारपणात काढलेल्या फोटोवरून माणसाची तब्येत ठरवणं.

आणि २०२१ ला ही पाच माणसं कोण होती? डावा टॅकल हेज, मिशिगनच्याच ट्रॅव्हर्स सिटीचा, शाळेत टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) खेळलेला उंच मुलगा. त्याच्या अंगावर मांस चढायला आणि पायांना टॅकलची चाल शिकायला वर्षं लागली. डावा गार्ड ट्रेवर कीगन, बाकावर बसून वाट बघितलेला. सेंटर अँड्र्यू व्हास्टार्डिस, २०१६ मध्ये शिष्यवृत्तीशिवाय आलेला वॉक-ऑन, आता सहाव्या वर्षाला. कोविडमुळे खेळाडूंना जे जादा वर्ष मिळालं, त्यामुळे तो परत येऊ शकला. उजवा गार्ड झॅक झिंटर, ज्यानं २०२० च्या पडझडीत पहिल्याच वर्षाला मैदानात उतरून मार खाल्ला होता. उजवा टॅकल अँड्र्यू स्टूबर, २०१९ च्या सरावात गुडघ्याचा लिगामेंट फाटून जवळजवळ अख्खा हंगाम गमावलेला आणि परत उभा राहिलेला. चाहत्यांनी ही यादी वाचली आणि म्हटलं, यात मोठं नाव कुठलंय? मी हीच यादी वाचतो आणि मला दिसतं की यातल्या प्रत्येकाला तिथे दोन ते सहा वर्षं झाली होती. लाइनमन उशिरा पिकतो. हाडं भरायला वेळ लागतो, पावलं बसायला त्याहून जास्त लागतो. २०२१ मध्ये ही फळी पिकली. यात चमत्कार काही नव्हता.

मोठ्या नावांचा आग्रह धरणाऱ्यांना मी एकच विचारतो. ड्राफ्टला प्रमाण मानायचं तर २०१९ ची फळी कितीतरी भारी होती. त्या मानानं २०२१ च्या पाचांतला झिंटर तिसऱ्या फेरीत गेला, कीगन पाचव्या, स्टूबर आणि हेज सातव्या, आणि व्हास्टार्डिसला कुणीच निवडलं नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत एकही नाही. तरी २०१९ ला कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटनं घरात येऊन ५६-२७ असं हरवलं आणि २०२१ ला निकाल उलटा लागला. २०१९ च्या पराभवाचं खापर मी लाइनवर फोडत नाही, ५६ गुण बचावानं दिले होते. पण नावांच्या बेरजेवरून फळीची ताकद काढता येत नाही, एवढं तरी यावरून मान्य व्हावं.

कोचबद्दलचा आक्षेपही मला आठवतो. जानेवारी २०२१ मध्ये लाइनची जबाबदारी शरोन मूर यांच्याकडे आली तेव्हा लोक म्हणाले, हा तर टाइट एंडचा कोच, याला लाइनमधलं काय कळतं! मूर स्वतः ओक्लाहोमाकडून गार्ड खेळलेले होते. हाताला माती लागलेला माणूस होता तो. त्यांनी फळीला सरळ, अंगावर जाणारी ब्लॉकिंग दिली. दोघांनी मिळून एकाला उचलायचं, मागून गार्डनं वळसा घालून भोकात घुसायचं. याला वेगापेक्षा एकमेकांचा अंदाज जास्त लागतो, आणि तो या पाचांपाशी साठलेला होता.

हंगाम सुरू झाला तेव्हाही लोकांनी मानलं नाही. दुसऱ्याच सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध क्वार्टरबॅक केड मॅकनामारानं हवेतून फक्त ४४ यार्ड मिळवले आणि जमिनीवरून संघानं ३४३. सामना ३१-१० असा जिंकला. सोमवारी ऑफिसात चर्चा कशाची, तर पास चालत नाही याची. समोरच्याला ठाऊक आहे की हे धावणारच, तरी थांबवता येत नाही, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र लाइनला मिळू शकत नाही. लोकांनी ते तक्रार म्हणून वाचलं. रटगर्सविरुद्ध पूर्वार्धात २०-३ अशी आघाडी घेऊन उत्तरार्धात एकही गुण झाला नाही आणि सामना २०-१३ असा कसाबसा सुटला, तेव्हा मात्र सगळ्यांना लाइन आठवली. जिंकलो तर धावणाऱ्याचं नाव, अडकलो तर लाइनचं. या हिशेबात फळीच्या वाट्याला कधी जमा येतच नाही.

२७ नोव्हेंबर २०२१ ला मी स्टेडियममध्ये होतो. आमची जागा एंड झोनच्या मागे, म्हणजे लोकांच्या मते सगळ्यात वाईट. मैदान आडवं दिसत नाही, लांबीत दिसतं, किती यार्ड झाले ते कळत नाही. पण तिथून फळीतल्या फटी दिसतात. बर्फ भुरभुरत होता. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, २०१२ पासून झालेले आठच्या आठ सामने त्यांनी जिंकलेले. मध्यंतराला १४-१३. उत्तरार्धात मिशिगनच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला आणि तीन प्लेमध्ये ८१ यार्ड पार झाले. त्यातला मधला धावपटू ब्लेक कोरमचा, ५५ यार्डांचा होता. त्यानं चेंडू घेतला तेव्हा त्याच्या पुढची वाट इतकी रुंद होती की मला तिच्यातून पलीकडच्या रेषेवरचा बर्फ दिसला. शेजारचे गृहस्थ कोरमच्या नावानं ओरडत होते. मी ओरडायचं विसरलो, कारण मी अजून ती वाट बघत होतो आणि ती बुजायला वेळ लागत होता.

सामना ४२-२७. मिशिगनचे सहाच्या सहा टचडाउन धावून झाले, एकूण २९७ यार्ड धावून. हसन हॅस्किन्सनं २८ वेळा चेंडू घेऊन १६९ यार्ड आणि पाच टचडाउन केले. आता मुद्दा येतो की हे सगळं हॅस्किन्सचं होतं. हॅस्किन्स विलक्षण धावपटू होता, हे मी कुणाहीइतक्याच मोठ्या आवाजात सांगेन. त्या वर्षी त्यानं २० टचडाउन केले. पण त्या दिवशीच्या पाचपैकी चार टचडाउन गोलरेषेच्या पाच यार्डांच्या आतून झाले. तिथे धावायला जागाच नसते. बावीस माणसं एका खोलीएवढ्या जागेत कोंबलेली असतात आणि कुणी कुणाला मागे रेटायचं एवढाच प्रश्न उरतो. त्या चारही वेळा उत्तर पाच जणांनी दिलं.

पुढच्या आठवड्यात आयोवाला ४२-३ असं हरवून मिशिगननं बिग टेनचं विजेतेपद घेतलं, आणि लाइनला जो मूर पुरस्कार मिळाला. पिट आणि नोत्र दामला लाइन घडवणाऱ्या जुन्या कोचच्या नावानं २०१५ पासून दिला जाणारा हा पुरस्कार एका खेळाडूला नसतो, अख्ख्या फळीला असतो. निवड करणाऱ्यांत स्वतः लाइनमध्ये खेळलेली, शिकवलेली माणसं असतात. माप बरोबर असणाऱ्यांना काय दिसलं, ते त्यावरून कळतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, काय झालं? झालं ते झालं. ३१ डिसेंबरला जॉर्जियानं ३४-११ असं हरवलं आणि आमच्या फळीला दिवसभर मागे रेटलं. मी ते लपवत नाही. पण त्या बचावातले पाच खेळाडू चारच महिन्यांत एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, त्यातला ट्रॅव्हॉन वॉकर सगळ्यांत पहिला. दहा दिवसांनी त्याच संघानं अलाबामाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. अशा बचावापुढे हरल्यावर ‘यांचं खरं रूप उघडं पडलं’ म्हणणं, आणि आधीच्या तेरा सामन्यांना अपवाद ठरवणं, हा न्याय कुठला? हाच न्याय लावायचा तर त्या वर्षी जॉर्जियासमोर उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लाइनला नालायक म्हणावं लागेल. आणि ती फळी योगायोगाची असती तर पुढच्या वर्षी विस्कटली असती. व्हास्टार्डिस आणि स्टूबर गेले, व्हर्जिनियाहून आलेला ओलुसेगुन ओलुवातिमी सेंटर झाला, आणि २०२२ चा जो मूर पुरस्कारही मिशिगनलाच मिळाला. सलग दोनदा तो त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, त्याला बगल देणार नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचं जे प्रकरण २०२३ मध्ये बाहेर आलं आणि ज्यासाठी २०२५ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं मिशिगनला जबर दंड केला, ते झालं, ते चूक होतं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. त्यावरून लोक म्हणतात, लाइनचं यशही त्याच खात्यात टाका. इथे मी अडतो. समोरचा काय करणार हे कळल्यानं कोचला योग्य प्ले निवडता येतो. १४० किलोचा माणूस त्यानं मागे सरकत नाही. ११ नोव्हेंबर २०२३ ला हे साऱ्या देशानं बघितलं. खुणा चोरणारा कर्मचारी आठवड्यापूर्वीच राजीनामा देऊन गेलेला. हार्बो निलंबित, त्यांच्या जागी मूर उभे. पेन स्टेटच्या मैदानावर मिशिगननं शेवटचे सलग ३२ प्ले फक्त धावून खेळले. तेव्हा खुणा वाचायची गरज उलट पेन स्टेटलाही नव्हती, काय येणार ते स्टेडियममधल्या लहान पोरालाही माहीत होतं. तरी सामना २४-१५ असा मिशिगननं जिंकला. २०२१ च्या पाचांतले दोघं, कीगन आणि झिंटर, त्या दिवशीही दोन गार्डच्या जागी होते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, पुन्हा ओहायो स्टेट. या वेळी मी घरी होतो. मित्राचा मुलगा कॉलेजातून सुट्टीला आलेला, गुडघे छातीशी घेऊन सोफ्यावर बसलेला. तिसऱ्या सत्रात १७-१७ अशी बरोबरी असताना झिंटरचा पाय मोडला, नडगीची दोन्ही हाडं. सगळा संघ मैदानात येऊन त्याच्याभोवती उभा राहिला, स्टेडियम गप्प झालं. त्याला गाडीवरून नेलं आणि उजवीकडची बाजू बदलली. उजवा टॅकल कार्सेन बार्नहार्ट आत सरकून गार्ड झाला, त्याच्या जागी ट्रेंट जोन्स आला. चार वर्षांची सवय असलेला माणूस निघून गेला होता आणि दोघं नव्या जागेवर होते. आमच्या घरात मोठी माणसं म्हणाली, आता पास टाकतील. तो पोरगा टीव्हीच्या जवळ गेला, काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, ‘काका, इथे बघा.’ स्नॅप झाला, कोरमनं चेंडू घेतला आणि २२ यार्ड धावत थेट एंड झोनमध्ये गेला. तिथे उभं राहून त्यानं बोटांनी आधी सहा दाखवले, मग पाच. झिंटरचा नंबर ६५ होता.